शोंगाची आठवी चाल

शनिवारी दुपारी सव्वादोन वाजता, आठव्या चालीला, लेव्ही शोंगाने आपला काळा राजा उचलला आणि मागे नेऊन त्याच्या मूळ घरात ठेवला. मग घड्याळाची कळ दाबली आणि हाताची घडी घालून बसला.

चिबोटे वसाहतीच्या खाण क्लबात त्या वेळी तीसेक माणसे होती. बहुतेकांना त्या चालीत काही विशेष दिसले नाही. समोर बसलेला डॉमिनिक कबासो मात्र पटावर वाकला. वीसेक वर्षे तो शोंगाशी याच सुरुवातीने खेळत आला होता आणि इतक्या वर्षांत शोंगाचा राजा एकदाही घरी परतला नव्हता.

"काय सोयऱ्या," शोंगा म्हणाला, "माकडाचं हाड अडकलं का घशात? पाणी मागवू?"

मागे हशा पिकला. डाव चालू असताना बोलू नये असा नियम क्लबाच्या भिंतीवर रंगवलेला होता. तो या दोघांना लागू नाही असे चेअरमन सिल्वाम्बा यांनीच फार पूर्वी जाहीर केले होते. कबासो बेम्बा, शोंगा अंगोनी. पणजोबांच्या काळात या दोन जमाती एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या, आणि तेव्हाचे वैर पुढच्या पिढ्यांनी शिव्यांवर भागवले. बेम्बा आणि अंगोनी हे थट्टेचे सोयरे. बेम्बाला माकडखाऊ म्हणायचे, अंगोनीला उंदीरखाऊ. सोयऱ्याने काहीही बोलावे, ताटातला मासा उचलावा, अंगावरचा कोट काढून न्यावा. राग येऊ द्यायचा नाही. ज्याला राग आला तो हरला, आणि वर दंडही त्यानेच भरायचा.

एरवी कबासोने उंदराच्या शेपटीने दात कोरणाऱ्यांबद्दल काहीतरी सुनावले असते. आज तो त्या काळ्या राजाकडे बघत राहिला. पटावरची ही बाजू, ही मांडणी अशीच्या अशी, सोंगटी न् सोंगटी, त्याने आधी एकदाच पाहिली होती. थोरल्या भावाच्या खोलीत, फडक्याखाली.

डाव होता दिवेघराच्या नोकरीसाठी. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा द्यायचा, वर आलेल्याकडून तो परत घेऊन चार्जिंगला लावायचा, आणि पाळी संपल्यावर एखादी खुंटी रिकामी दिसली तर खाली कोण राहिले याची बोंब मारायची, एवढेच काम. पण ते उजेडातले होते. जुन्या कंपनीच्या राज्यात फुटबॉल, बॉक्सिंग आणि बुद्धिबळ खेळणाऱ्यांना अशी जमिनीवरची कामे मिळत. कबासो आणि शोंगा दोघेही पटाच्या जिवावर खालून वर आले होते आणि एकाच खिडकीत पाळीपाळीने बसत होते. नव्या मालकांच्या साहेबाने मे महिन्यात क्लबाला कळवले: दिवेघरात खेळाडू म्हणून एकच माणूस राहील, कोण ते तुम्ही ठरवा, दुसऱ्याने खाली जावे.

चेअरमन सिल्वाम्बांनी दोघांना बोलावून घेतले. "मला पापात पाडू नका," ते म्हणाले. "पट मांडा. एक डाव. जो जिंकेल त्याचं नाव धाडतो."

कबासोने बावन्न ओलांडली होती. खाली काय असते ते त्याला तरुणपणच्या सहा वर्षांवरून ठाऊक होते, आणि त्याहून जास्त ठाऊक होते थोरल्या भावाच्या छातीवरून. चेवे आयुष्यभर खाली दगडात भोके पाडत राहिला. शेवटी त्याच्या श्वासाचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू यायचा. स्वतःची बायको वारल्यापासून कबासो भावाच्याच घरी राहत होता, त्यामुळे तो आवाज त्याने रात्रंदिवस ऐकला होता. जून हा इकडे थंडीचा महिना, आणि आता त्याला स्वतःलाही खोकला लागू लागला होता. शोंगाची छातीही काही पोलादाची नव्हती, पण हा विचार कबासोने फारसा केला नव्हता.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा पांढरी सोंगटी कबासोला आली. म्हणजे सुरुवात त्याची. आणि सुरुवात त्याच्याकडे एकच होती. ती चेवेने त्याला शिकवलेली. पहिल्या चालीला राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे, दुसऱ्या चालीला त्याच्या शेजारचे प्यादे फुकट देऊन टाकायचे. मग घोडा बाहेर काढायचा, प्याद्यांनी त्याला हुसकावले की तो पुढे घुसवायचा आणि सहाव्या चालीला थेट राजाच्या दारात मरायला पाठवायचा. काळ्याच्या राजाला तो घोडा खायला घरातून बाहेर यावे लागते. मग उंटाचे शह. वेडेपणाच तो. शहरात, किट्वेच्या मोठ्या क्लबांत, त्याला कोणी हिंग लावून विचारले नसते. पण चिबोटेत त्या उंटाच्या शहानंतर काळ्याने राजा कुठे न्यावा हे कोणाला उमगत नव्हते.

शोंगाला तर उमगायची गरजच नव्हती. तो राजा बाजूला, हत्तीच्या कुशीकडे सरकवायचा आणि छातीवर मूठ आपटून म्हणायचा, "अंगोनी एकदा घरातून निघाला की परत फिरत नाही!" मग पंधरा-वीस चालींत त्या राजाला कबासो उघड्यावर गाठायचा. शोंगा कधी वाचायचाही, कधी जिंकायचाही. पण फिरायचा नाही. ती त्याची बढाई होती, आणि आपली बढाई खोटी पाडून डाव वाचवणारा माणूस वसाहतीत जन्मलेला नव्हता.

चेवे अंथरुणाला खिळल्यावर दोघा भावांना उद्योग उरला तो तेवढाच. खाटेशेजारच्या टेबलावर पट मांडलेला असायचा. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी कबासो पाळीवरून आला तर चेवेने काळा राजा मूळ घरात ठेवलेला होता.

"बघ," चेवे म्हणाला. वाक्याच्या मध्ये तो थांबत थांबत श्वास घ्यायचा. "घरी गेला. आता काय करशील?"

कबासोने जेवण होईपर्यंत विचार केला, जेवल्यावर केला, दुसऱ्या दिवशी पाळीवर केला. काही नव्हते. राजाला आता किल्ला बांधता येत नाही हे खरे, पण पांढऱ्याचा घोडा गेलेला आणि बदल्यात हाती नुसती प्यादी. शह द्यायला तोंड नाही. चार चालींत काळ्याचे सगळे घर उठून अंगावर येते.

"संपला आपला डाव," चेवे म्हणाला. त्याला त्याचे दुःख झालेले दिसत नव्हते. उलट कोडे सुटल्यासारखा तो खूश होता. "पैज लागलेली असेल तेव्हा हा खेळू नकोस, डॉमिनिक. दुसरं काहीतरी शीक."

"ही चाल इथं कोणाला सुचणारे?"

"मला सुचली."

 त्या बाजूवर कबासोने फडके टाकले. पुढे काही उपाय सापडतो का ते बघू, म्हणून ती तशीच ठेवायची ठरली. उपाय सापडला नाही आणि दुसरी सुरुवात शिकायला कबासो बसला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात चेवे दवाखान्यात वारला.

मयताला सोयरे आले. येतातच. त्यांच्याशिवाय मयत हलत नाही: खड्डा तेच खणतात, चुलीवरची मोठी भांडी तेच सांभाळतात आणि रडणाऱ्यांना हसवणे हेही त्यांचेच काम. घरात बायका जमिनीवर बसून आक्रोश करत होत्या, बाहेर शेकोटीभोवती पुरुष बसले होते, आणि शोंगा चेवेचा जुना कोट घालून, त्याचे खाणीतले हेल्मेट डोक्यावर ठेवून, अंगणात चेवेसारखा धापा टाकत चालत होता.

"अरे, थांबा रे जरा," तो चेवेच्या आवाजात म्हणत होता, "स्वर्गाला जिने फार आहेत! लिफ्ट नाही का लावली कोणी?"

चेवेची बायको, बाना-लोम्बे, लोम्बेची आई, रडता रडता हसली. कबासोही हसला. मग शोंगा घरात घुसला आणि काही वेळाने बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत चेवेचा बुद्धिबळाचा पट होता आणि हातातल्या पातेल्यात सोंगट्या खडखडत होत्या.

"हा आता माझा!" तो ओरडला. "माकडखाऊंना याचा काय उपयोग? बसायला पाट म्हणून वापरतात. हवा असेल तर सोडवून न्या. एक कोंबडी, आणि वर रोख क्वाचा किती ते माझ्या लहरीवर!"

सगळे हसले. कबासोला आत कुठेतरी चर्र झाले, पण मयताला सोयऱ्याने नेलेल्या वस्तूवर तोंड वाकडे करणारा माणूस नामर्द. तो म्हणाला, "ने, ने! उंदराचा पिंजरा कर त्याचा." पट सोडवायचा राहून गेला. दिवस निघत गेले. आणि आता हा राजा मागे फिरला होता.

कबासोने घड्याळ थांबवले.

"हे तुला कोणी दाखवलं?" त्याने विचारले.

"तुझ्या भावाच्या भुतानं," शोंगा म्हणाला. "येऊन उशाशी बसतं. मक्याची न्शिमा मागतं, वर मासे मागतं. म्हटलं, आधी चाल सांग, मग जेव."

या वेळी हशा मोठा होता. म्हातारा काटोंगो, जो कोणाचाही डाव असला तरी पहिल्या रांगेत बिअरचे कागदी खोके घेऊन बसायचा, त्याला ठसका लागला.

"शोंगा, मी थट्टा करत नाहीये."

"मग काय करतोयस? थट्टा न करणारा बेम्बा एक तर झोपलेला असतो, नाहीतर उपाशी."

कबासो उभा राहिला. आपण उभे राहिलो हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आले. "चेअरमन," तो म्हणाला, "माझी तक्रार आहे. भावाच्या मयताच्या दिवशी हा आमच्या घरातून पट घेऊन गेला. त्या पटावर हीच बाजू मांडलेली होती. यानं ती बघितली. आज ती माझ्यावर वापरली. हा चोर आहे."

लोक आणखी जोरात हसले. इतकी नीट मांडलेली थट्टा कबासोकडून बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. काटोंगोने मांडीवर थाप मारली. "वा! खटला! वकील आणा रे, उंदीर खाणारा वकील!" मग त्याने कबासोच्या तोंडाकडे पाहिले आणि बिअरचे खोके खाली ठेवले. हसणे मागच्या रांगांपर्यंत हळूहळू विझत गेले.

चेअरमन सिल्वाम्बा टेबलाजवळ आले. ते ना बेम्बा ना अंगोनी. उत्तरेकडचे, मोजके बोलणारे, एके काळी शाळेत मास्तर होते.

"कबासो, खाली बस."

"तुम्ही आधी निकाल द्या."

"कशाचा निकाल? मयताला सोयऱ्यानं नेलेल्या वस्तूची तक्रार मी साठ वर्षांत ऐकली नाही. याच्या आईला पुरलं तेव्हा तू काय केलं होतंस?"

कबासोने पटाकडे मान वळवली.

"मी सांगतो. खड्ड्यात जाऊन आडवा झाला होतास. म्हातारीला जागा देणार नाही म्हणालास. कोंबडी हातात पडेपर्यंत उठला नाहीस. पाऊस येत होता. यानं तक्रार केली?"

"ती कोंबडी होती. हा माझ्या पोटाचा प्रश्न आहे. छातीचा आहे."

"तो याचाही आहे," सिल्वाम्बा म्हणाले. "आणि समजा बघितलं यानं. बघितलेलं डोक्यातून काढायचा नियम कुठल्या पुस्तकात आहे? तुला माहीत होतं ना या चालीवर तुझ्याकडे उत्तर नाही? मग हाच डाव का लावलास?"

याचे उत्तर कबासोकडे होते. शोंगाचा राजा मागे फिरत नाही, या एका भरवशावर लावला होता. आपल्या मित्राच्या बढाईवर त्याने आपली नोकरी लावली होती. ते तीस माणसांसमोर बोलण्यासारखे नव्हते.

शोंगा इतका वेळ खुर्चीत मागे रेलून बसलेला होता. तो आता पुढे झुकला. आवाज खालचा होता, पुढच्या रांगेलाच ऐकू जाईल इतका.

"तू मला खरंच चोर म्हणालास?"

चोर हा शब्द शोंगाने कबासोच्या तोंडून हजार वेळा ऐकला होता. चोर, उंदीरचोर, चोराच्या वंशाचा, चोरून आणलेल्या बायकोचा नवरा. दिवेघराच्या खिडकीत पाळी बदलताना तो त्यांचा नमस्कार होता. कबासोला अजूनही हसता आले असते. 'नाहीतर काय खोटं?' एवढे म्हणून डोळा मिचकावला असता तर सगळा क्लब सुटल्यासारखा हसला असता आणि घड्याळ पुन्हा चालू झाले असते.

"खरंच," तो म्हणाला.

"बरं," शोंगा म्हणाला.

सिल्वाम्बांनी घड्याळ चालू केले.

कबासो वाईट खेळला नाही. नंतर लोक म्हणाले की त्या अवस्थेत तो बराच टिकला. त्याने मधली प्यादी पुढे ढकलली, वजीर बाहेर काढला, एकदा हत्तीवर डाव साधून एक प्यादे परतही मिळवले. पण शोंगा घाईत नव्हता. त्याने मोहरे एकेक करून आणले, कोणाच्याही अध्यातमध्यात न पडणाऱ्या माणसासारखे, आणि त्याच्या तोंडून डाव संपेपर्यंत एक शब्द निघाला नाही. खोलीत घड्याळाची टिकटिक आणि शेजारच्या बारमधला रेडिओ, एवढेच. साडेतीनच्या सुमाराला कबासोने आपला राजा आडवा केला.

शोंगाने हात पुढे केला. "धन्यवाद, मिस्टर कबासो," तो म्हणाला.

कबासोला वाटले, ही थट्टाच आहे. त्याने पुढच्या वाक्याची वाट पाहिली. शोंगा टोपी उचलून बाहेर गेला होता.

बाना-लोम्बे मागच्या दारी बसून भुईमूग सोलत होती. निकाल तिच्यापर्यंत आधीच पोचला होता. वसाहतीत बातमीला पाय लागत नाहीत. तिने मांडीवरचे सूप बाजूला ठेवले नाही.

"सोमवारपासून खाली?"

"हो."

"चेवे गेला ते बरंच झालं म्हणायचं." ती शेंगा फोडत राहिली. "आणि शोंगाला चोर म्हणालास, ते खरं का?"

"त्यानं पट नेला तेव्हा बाजू बघितली, वहिनी. फडकं काढलं असेल, बघितलं असेल. त्याशिवाय सुचणार नाही त्याला."

तिचा हात थांबला. "कसली बाजू?"

"टेबलावर मांडलेली. फडक्याखालची."

"ती कुठली राहिलीय," ती म्हणाली. "दवाखान्यातून मयत आणायच्या आधीच मी ते टेबल रिकामं केलं. बायबल आणि मेणबत्ती ठेवायला जागा नको? सोंगट्या सगळ्या पातेल्यात भरल्या, पट भिंतीला टेकवून ठेवला. शोंगा आला तो दुपारी. त्यानं पातेलं उचललं आणि पट उचलला."

कबासो दाराच्या चौकटीला टेकला. अंगणातल्या शेगडीवर कालवणाचे भांडे ठेवलेले होते आणि त्यातून वाळक्या माशांचा वास येत होता.

"नक्की?"

"माझा नवरा मेला होता त्या दिवशी. मला त्या घरातलं भांडं न् भांडं आठवतंय."

"मग त्याला कोणी सांगितलं?"

"आता ते मला काय ठाऊक?" ती पुन्हा शेंगांकडे वळली आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "यायचा तो. तू पाळीवर असलास की. ताक आणायचा चेवेला. बसायचे दोघं."

"खेळायचे?"

"पट तर मांडलेलाच असायचा त्या टेबलावर. खेळायचे की नुसतेच हसायचे, मी बघत नव्हते. हसायचे खूप. चेवेला हसलं की खोकला यायचा, म्हणून मी ओरडायची."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं? सोयरा आला, बसला, गेला."

रविवारी प्रार्थना सुटल्यावर कबासोने एक कोंबडी घेतली, तिचे पाय बांधले आणि तो शोंगाच्या घरी गेला. काय बोलायचे ते त्याने वाटेत जुळवले होते. आधी एक शिवी द्यायची, मग कोंबडी पुढे करायची, पट सोडवायचा, मग दंड विचारायचा. दंड असतोच, कोणी रागावले तर सोयरे मिळून दंड ठरवतात, तो पितात आणि प्रकरण मिटते. अशी प्रकरणे त्याने स्वतः मिटवली होती.

वीस वर्षांत तो या घरात पुढच्या दाराने कधी गेला नव्हता. मागून स्वयंपाकघरात शिरायचा, झाकण उघडून भांड्यात काय आहे ते बघायचा, शोंगाच्या बायकोची ओरड खायचा. आज शोंगा पुढच्या अंगणातच होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला. कबासोला पाहून तो उठला.

"उंदीर संपले वाटतं घरातले," कबासो म्हणाला. "वाळलायस. म्हटलं, कोंबडी तरी चारावी."

"या," शोंगा म्हणाला. "बसा." त्याने खुर्ची पुढे केली आणि आत बायकोला हाक मारून पाहुण्यांसाठी सरबत आणायला सांगितले.

बायकोने ट्रेमध्ये बाटली आणि पेला आणला, गुडघे वाकवून कबासोसमोर ठेवला आणि नजर न उचलता आत गेली. परक्याचा मान करतात तसा. कोंबडी कबासोच्या पायाशी धडपडत होती.

"चेवेनं दाखवलं ना तुला?" कबासोने विचारले.

"मी काल सांगितलं होतं, मिस्टर कबासो. सगळ्यांसमोर सांगितलं."

"तू म्हणालास, भुतानं. ती थट्टा होती."

"असेल."

"असेल म्हणजे? नीट सांग. त्यानं दाखवलं का? की तुझी तुला सुचली?"

शोंगाने या प्रश्नाचा विचार केल्यासारखे केले. मग तो उठला, आत गेला आणि चेवेचा पट व पातेले घेऊन आला. दोन्ही त्याने कबासोच्या खुर्चीशेजारी, जमिनीवर, काळजीपूर्वक ठेवले.

"न्या," तो म्हणाला. "मयताच्या घरची वस्तू. मी ठेवायला नको होती."

"मी सोडवायला आलोय. कोंबडी आणलीय. क्वाचा किती, बोल."

"काही नको. आपली आहे, आपण न्यावी."

कबासोने पटाकडे पाहिले. फुकट परत केलेली वस्तू सोयऱ्याकडून घ्यायची नसते. ती घेतली म्हणजे दोन्ही बाजूंनी नाते मिटल्याची कबुली. हे शोंगालाही ठाऊक होते, आणि कबासोला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होते.

"लेव्ही," तो म्हणाला. या नावाने त्याने शोंगाला फारसे कधी हाक मारली नव्हती. "दंड लाव ना. बोकड माग. काहीही माग."

"दंड कशाचा? आपण तक्रार केलीत. चेअरमननी निकाल दिला. झालं."

सरबत तसेच राहिले. कबासो कोंबडी उचलून परत निघाला. पट त्याने नेला नाही. वसाहतीच्या मुख्य रस्त्याने, प्रार्थनेहून परतणाऱ्या माणसांमधून, तो काखेत जिवंत कोंबडी घेऊन चालत घरी आला, आणि ज्यांनी पाहिले त्यांना विचारण्यासारखे काही उरले नाही. काटोंगो तर समोर आला असता एरवी. तो दुकानाच्या ओसरीवरून आत सरकला.

सोमवारी पहाटेच्या पाळीला कबासो रांगेत उभा राहिला. थंडी होती. पुढच्यांच्या तोंडातून वाफ निघत होती आणि सगळे हात चोळत होते. खिडकीत शोंगा होता. प्रत्येकाला तो दिव्याबरोबर काहीतरी सुनावत होता. एका तरुण बेम्बा पोराला म्हणाला, "खाली झाडं नाहीत रे, लटकणार कशाला?" रांग हसली. मग कबासोची पाळी आली.

शोंगाने खुंटीवरचा दिवा काढला, पेटवून पाहिला, वायर तपासली आणि खिडकीतून पुढे केला.

"बॅटरी भरलेली आहे, मिस्टर कबासो. एकदा बघून घ्या."

कबासोने दिवा घेतला. "उंदीरखाऊ," तो हळूच म्हणाला.

"पुढचा," शोंगा म्हणाला.

त्याला आता दीड महिना झाला. कबासो रोज खाली जातो, रोज वर येतो, दिवा परत करतो. खोकला वाढला आहे. डॉक्टरने दोनदा छातीचा फोटो काढला आणि अजून काही सांगितलेले नाही. ऑगस्टमध्ये खाणीखाणींचे सामने आहेत. पहिल्या पटावर शोंगा खेळणार आहे, दुसऱ्या पटासाठी चेअरमन सिल्वाम्बांनी कबासोला दोनदा निरोप धाडला, त्याने उत्तर दिलेले नाही. चेवेने ती चाल शोंगाला दाखवली होती की शोंगाची त्यालाच सुचली, हे कोणाला कळलेले नाही, आणि सांगू शकेल असा जो एक माणूस आहे तो कबासोशी फक्त दिव्याबद्दल बोलतो. पट रविवारनंतर शोंगाने दिवेघरात आणून ठेवला. खिडकीतून बघितले तर खुंट्यांच्या वरच्या फळीवर तो दिसतो, शेजारी पातेले. तो कोणी मागितलेला नाही, कोणी दिलेलाही नाही.